३२३ दिवस आणि एक सकाळ

१८ डिसेंबर २०२०, शुक्रवार
३२३ दिवस आधी

सर्वोच्च न्यायालयाने या दिवशी एक आदेश दिला. तीन आठवड्यांपूर्वी, २७ नोव्हेंबरला, राजकोटच्या एका कोविड रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून रुग्ण दगावले होते. न्यायालयाने त्याची दखल स्वतःहून घेतली. आदेशात अवघड काही नव्हते. प्रत्येक कोविड रुग्णालयात आगीच्या सुरक्षेची जबाबदारी असलेला एक नोडल अधिकारी नेमायचा. प्रत्येक जिल्ह्यात एक समिती नेमायची. तिने महिन्यातून किमान एकदा प्रत्येक कोविड रुग्णालय तपासायचे आणि उणिवा व्यवस्थापनाला कळवायच्या.

नगरचे जिल्हा शासकीय रुग्णालय तारकपूर बसस्थानकाच्या परिसरात आहे. शेजारच्या भिंगारपासून पाथर्डी-जामखेडपर्यंत सगळे त्याला 'सिव्हिल' म्हणतात. तिथे कोविड रुग्ण होते, म्हणून आदेश त्यालाही लागू होता. महिन्याला एक धरली तर ६ नोव्हेंबर २०२१ पर्यंत, म्हणजे तिथे आग लागली त्या सकाळपर्यंत, दहा तपासण्या होतात.

९ जानेवारी २०२१, शनिवार, पहाटे दीडच्या सुमारास
३०१ दिवस आधी

भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू अतिदक्षता कक्षात १७ बाळे होती. पाळीवरच्या परिचारिकेला धूर दिसला. शेजारच्या दालनातली ७ बाळे बाहेर काढता आली. १० गेली. आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी त्याच दिवशी सांगितले त्याप्रमाणे तिघांचा मृत्यू भाजून झाला आणि सात जण धुराने गुदमरले.

हे प्रमाण लक्षात ठेवावे, कारण बंद खोलीतल्या आगीत ज्वाळेच्या आधी धूर पोहोचतो. हातात वेळ किती आहे, हे धूर ठरवतो.

राज्यभरातल्या रुग्णालयांचे फायर ऑडिट करण्याचे आदेश निघाले. 'फायर ऑडिट' हा शब्द त्या आठवड्यात सगळ्या वर्तमानपत्रांत होता. नगरच्याही.

२१ जानेवारी २०२१
२८९ दिवस आधी

भंडाऱ्याचा चौकशी अहवाल आला. जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले आणि कंत्राटी परिचारिकांची सेवा संपवण्यात आली. फेब्रुवारीत दोन परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला.

राज्यातल्या प्रत्येक अतिदक्षता विभागातल्या सिस्टरने ही बातमी वाचली असणार. आग लागली तर पहिले नाव कोणाचे येणार, हे त्या बातमीतून कळत होते. आग लागली तर पहिल्या मिनिटाला कोणी काय करायचे, हे मात्र कळत नव्हते.

२६ मार्च ते २८ एप्रिल २०२१
२२५ ते १९२ दिवस आधी

२५-२६ मार्चच्या मध्यरात्रीच्या सुमारास भांडुपच्या ड्रीम्स मॉलमध्ये आग लागली. तिसऱ्या मजल्यावर कोविड रुग्णालय होते. मृतांपैकी अनेक जण तिथले रुग्ण होते.

९ एप्रिल, रात्री ८ नंतर, नागपूरजवळ वाडी. खासगी रुग्णालय, अतिदक्षता विभाग, वातानुकूलन यंत्र. चार मृत्यू.

२१ एप्रिल, नाशिक. महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टँकरमधून टाकी भरताना ऑक्सिजनची गळती झाली. आग लागली नाही, दाब उतरला. त्या दिवशी २२ रुग्ण गेले.

२३ एप्रिल, पहाटे ३ च्या सुमारास, विरार. विजय वल्लभ रुग्णालय, दुसरा मजला, अतिदक्षता विभाग, पुन्हा वातानुकूलन यंत्र. विभागात १७ रुग्ण होते. त्या दिवशी १३ मृत्यू.

२८ एप्रिल, पहाटे पावणेचारच्या आसपास, मुंब्रा. आगीनंतर हलवताना चार रुग्ण गेले.

पाच आठवडे, पाच ठिकाणे. आगींच्या कारणांची यादी दोन ओळींत मावते: सतत चालणारी वातानुकूलन यंत्रे, क्षमतेपलीकडे लादलेली वीज, हवेत साठलेला ऑक्सिजन, आणि हलवता न येणारी माणसे.

पहिली तीन कारणे अभियंत्याच्या कक्षेतली आहेत. चौथे डॉक्टर, परिचारिका, कक्षसेवक आणि लिफ्टमन यांच्या कक्षेतले. ही दोन्ही मंडळी एका टेबलाशी बसल्याशिवाय यादी पुरी होत नाही. जिल्हा रुग्णालयात ती सहसा एका टेबलाशी बसत नाहीत.

जुलै २०२१
सुमारे १०० ते १३० दिवस आधी

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा आहे. इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, घ्यावे लागते. कार्यालयीन भाषेत 'फॉर्म बी'.

फॉर्म बी यंत्रणेबद्दल बोलतो. यंत्रणाच बसलेली नसेल तर काय प्रमाणित करायचे?

नगरच्या सिव्हिलचे फायर ऑडिट झाले होते. आग विझल्यावर महापालिकेच्या अग्निशमन विभागाने जे सांगितले त्यातून हे कळले. अग्निशामक नळकांडी होती. तुषार सिंचन, म्हणजे उष्णता वाढताच छतातून आपोआप पाणी सोडणारी यंत्रणा, आणि हायड्रंट यांचे काम झालेले नव्हते. कारण निधीचे दिले गेले.

इथे जरा थांबायला हवे. कोणी एक माणूस झोपला होता, अशी ही गोष्ट नाही. जिल्हा रुग्णालय आरोग्य विभागाचे. इमारत आणि तिची वीज सार्वजनिक बांधकाम विभागाच्या ताब्यात. तपासणी महापालिकेच्या अग्निशमन विभागाची. पैसा जिल्हा नियोजनातून किंवा राज्याकडून, आणि जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री. एका तुषार सिंचन नळीला इतक्या दारांतून जावे लागते. प्रत्येक दारात फाइल पुढे पाठवणारा कारकून आपले काम चोख करत असतो. पत्राला उत्तर जाते, उत्तराला स्मरणपत्र जाते, आणि जावक क्रमांक पडला की त्या टेबलापुरते काम झालेले असते.

या सगळ्या साखळीत रात्रंदिवस रुग्णाशेजारी उभी असलेली व्यक्ती एकच, परिचारिका. तिच्याकडे फाइल येत नाही.

४ ऑक्टोबर २०२१, सोमवार
३३ दिवस आधी

राज्यात दुसरी लाट ओसरली होती, नगरमध्ये ओसरत नव्हती. जिल्हाधिकारी राजेंद्र भोसले यांनी जिल्ह्यातल्या ६१ गावांत १३ तारखेपर्यंत टाळेबंदी लावली. त्या महिन्यात राज्याच्या दैनंदिन आकड्यांत नगर वरच्या रांगेत होते.

म्हणून सिव्हिलचा कोविड अतिदक्षता विभाग भरलेला राहिला. विभाग नवा होता, याच साथीसाठी उभारलेला. घाईच्या महिन्यांत राज्यभर असे विभाग उभे राहिले, आणि ते गरजेचेही होते. पण संसर्ग बाहेर जाऊ नये म्हणून जी खोली बंद ठेवायची, त्याच खोलीतून धूरही बाहेर जात नाही. साथीचा डॉक्टर आणि अग्निशमन अधिकारी यांना एकाच खिडकीकडून दोन उलट गोष्टी हव्या असतात. ती खिडकी कशी असावी हे दोघांनी मिळून ठरवायचे असते.

४ नोव्हेंबर २०२१, गुरुवार
२ दिवस आधी

लक्ष्मीपूजन. भिंगारच्या बाजारपेठेत दोन वर्षांनी गर्दी. सिव्हिलच्या वेळापत्रकात रजा, बदली पाळ्या, जोडपाळ्या. सणात कोणत्याही सरकारी रुग्णालयाचे ड्यूटीपत्रक असेच असते: ज्यांची मुले लहान त्यांना एक दिवस, ज्यांचे माहेर लांब त्यांना दुसरा. इन्चार्ज सिस्टर ते जुळवते आणि सगळ्यांची बोलणी खाते.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष अतिदक्षता विभागात प्रत्येक पाळीला एका रुग्णामागे एक परिचारिका, आणि रजांसाठी वर ३० टक्के राखीव असा आहे. १७ रुग्णांना त्या हिशेबाने एका पाळीला १७ परिचारिका लागतात. हा निकष पाळणारे जिल्हा रुग्णालय कोणाला माहीत असेल तर त्याने जरूर कळवावे.

६ नोव्हेंबर २०२१, शनिवार, सकाळी ८
सुमारे तीन तास आधी

भाऊबीज.

सरकारी रुग्णालयांत साधारण याच वेळी रात्रपाळी सुटते आणि सकाळपाळी लागते. जाणारी सिस्टर येणारीला 'ओव्हर' देते. खाट क्रमांक, नाव, ऑक्सिजन किती, रक्तदाब कसा, कोणते इंजेक्शन द्यायचे राहिले, लघवी किती झाली, कोणाच्या नातेवाइकाला काय सांगितले. चांगले ओव्हर ऐकत राहावे असे असते. तपशील नेमके, एक शब्द जास्त नाही. रुग्णालयातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात पक्की सामूहिक कृती हीच.

ओव्हरच्या वहीत खाटांचे रकाने असतात. आग लागली तर या पाळीत ऑक्सिजनचा मुख्य नळ कोण बंद करणार, विजेचे पॅनल कोण पाडणार, अग्निशमनला फोन कोण करणार, पहिला कोणता रुग्ण हलवायचा, यासाठी रकाना नसतो.

सकाळी ९
सुमारे दोन तास आधी

भिंगार ते सिव्हिल हे अंतर चार-पाच किलोमीटरचे, भुईकोट किल्ल्याच्या बाजूने शहरात शिरायचे. या भागाला लष्कराची सवय आहे. रणगाडा दलाचे प्रशिक्षण केंद्र नगरमध्ये आहे. टी-७२ रणगाड्यात तीन जण बसतात: कमांडर, गनर, चालक. आत आग लागली तर कोणी कोणती कळ दाबायची आणि कोणत्या झाकणातून बाहेर पडायचे, हे तिघांच्या हातांना पाठ असते, कारण त्यांच्याकडून ते पुन्हा पुन्हा करून घेतलेले असते. कोणाच्या धैर्यावर सोडलेले नसते.

अतिदक्षता विभागही तसाच बंद डबा आहे. तिथल्या हातांना सलाईन लावणे, नळी टाकणे, छाती दाबणे पाठ असते, कारण त्याचा सराव रोज होतो. आगीचा सराव करायचा तर डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय, मावशी, इलेक्ट्रिशियन, सुरक्षारक्षक आणि ऑक्सिजन प्लांटवरचा माणूस अशा सात प्रकारच्या माणसांना एका वेळी एका जागी आणावे लागते. त्यातले निम्मे कंत्राटी, वेगवेगळ्या एजन्सीचे. त्यांचा साहेब वेगळा, हजेरीची वही वेगळी.

सकाळी १०
सुमारे एक तास आधी

विभागात १७ रुग्ण. हा आकडा जिल्हा प्रशासनाने नंतर दिला. बरेचसे वयस्क. काही व्हेंटिलेटरवर, काही ऑक्सिजनवर.

नाकावाटे वेगाने ऑक्सिजन देणारे यंत्र, ज्याला विभागात सगळे 'हायफ्लो' म्हणतात, मिनिटाला ६० लिटरपर्यंत सोडते. साध्या मास्कला ५ ते १० लिटर पुरतो. बराचसा ऑक्सिजन रुग्णाच्या छातीत न जाता खोलीत येतो. साध्या हवेत तो २१ टक्के असतो. २३.५ टक्क्यांच्या वर गेला की तज्ज्ञ त्या हवेला ऑक्सिजनने समृद्ध धरतात. अशा हवेत पडदा, गादीतला फोम, प्लॅस्टिकच्या नळ्या लगेच पेट घेतात आणि ठिणगीला वाढायला वेळ लागत नाही.

हे गणित बायोमेडिकल अभियंत्याला माहीत असते. खाट क्रमांक किती हे सिस्टरला माहीत असते. तारेवर भार किती हे बांधकाम विभागाच्या विद्युत शाखेला माहीत असते. तिन्ही गोष्टी एकाच माणसाला माहीत असण्याची कुठेच सोय नाही.

सकाळी साडेदहा ते ११

आग लागली. काही वृत्तांत साडेदहा म्हणतात, काही ११. प्राथमिक अंदाज शॉर्टसर्किटचा.

या अर्ध्या तासाचे एकेक मिनिट पुढे पोलिसांच्या तपासाचा विषय झाले, म्हणून त्यात कोण कुठे होते हे इथे लिहिणे योग्य नाही. कोणत्याही अतिदक्षता विभागात पहिल्या पाच मिनिटांत काय काय करावे लागते, ते मात्र लिहिता येते.

पहिला निर्णय ऑक्सिजनचा. नळ चालू ठेवला तर आगीला खतपाणी. बंद केला तर त्या नळावर श्वास घेणारे सगळे जण एका क्षणी उघडे पडतात. म्हणून आधी प्रत्येक रुग्णाला सिलिंडर किंवा हाताने दाबायची अंबू बॅग, मग नळ बंद. हा क्रम एकटा माणूस पाळू शकत नाही. एकाने नळाशी उभे राहायचे, बाकीच्यांनी खाटांशी, आणि 'आता' असे एकाने म्हणायचे. ते 'आता' म्हणण्याचा अधिकार कोणाचा, हे आधी ठरलेले नसेल तर सगळे एकमेकांकडे बघतात.

दुसरा निर्णय विजेचा. पॅनल सहसा विभागाबाहेर, कुलपात. किल्ली विद्युत शाखेच्या माणसाकडे. सुट्टीच्या दिवशी तो माणूस कुठे असतो, हा साधा प्रश्न आहे. वीज पाडली की व्हेंटिलेटर काही काळ बॅटरीवर चालतात आणि दिवे जातात. धुरात दिवे गेलेली खोली.

तिसरा निर्णय माणसांचा. व्हेंटिलेटरवरचा एक रुग्ण नीट हलवायचा तर डोक्याशी अंबू बॅग दाबायला एक, सिलिंडर आणि औषधांचे पंप सांभाळायला एक, खाट ढकलायला दोन. चार जण. १७ पैकी आठच असे धरले तरी एकाच वेळी हलवायला ३२ माणसे लागतात. त्यांनी दारातून बाहेर पडायचे, तेव्हाच अग्निशमन नळकांडे घेऊन आत येणाऱ्याने त्याच दारातून आत शिरायचे.

चौथा निर्णय सगळ्यात वाईट. पहिला कोण? दारापाशी असलेला, की सर्वांत गंभीर, की सर्वांत हलका आणि म्हणून सर्वांत लवकर निघणारा? लष्करी आणि आपत्ती वैद्यकात याची उत्तरे आधीच लिहून ठेवलेली असतात, कारण त्या क्षणी विचार करायला लावणे हा माणसावर अन्याय आहे.

असे चार निर्णय एका पाळीच्या डोक्यावर, एकाच वेळी, धुरात.

धैर्याचा प्रश्न निघतोच, म्हणून एक जुना दाखला. ९ डिसेंबर २०११, पहाट, कोलकात्याचे एएमआरआय रुग्णालय. तळघरातून धूर वर चढला आणि ९० च्या आसपास माणसे गेली. केरळहून आलेल्या दोन तरुण परिचारिकांनी आठ रुग्ण बाहेर काढले आणि नवव्यासाठी आत गेल्या. परत आल्या नाहीत. देशाने त्यांना मरणोत्तर सर्वोत्तम जीवनरक्षा पदक दिले. रुग्णालयाच्या तळघरात ज्वलनशील वस्तूंचा साठा होता, आणि तो हलवा असे अग्निशमन दलाने आधी सांगितले होते. परिचारिकेने जीव द्यावा एवढीच आगीची योजना असेल, तर पदके वाढत जातील आणि मृतांचा आकडा तेवढाच राहील.

सकाळी ११ ते दुपारी दीड

अग्निशमनचे बंब आले. रुग्ण बाहेर काढून दुसरीकडे हलवले गेले. आग आटोक्यात आली तेव्हा दीड वाजत आला होता.

दुपारपर्यंत १० मृत्यू जाहीर झाले. संध्याकाळपर्यंत ११. पुढच्या दिवसांत आकडा आणखी वाढला.

भाऊबीज असल्याने जिल्ह्यातल्या बऱ्याच घरांत त्या वेळी ताटे वाढली जात होती. दूरचित्रवाणीवर पट्टी फिरत होती.

६ नोव्हेंबर, संध्याकाळ

मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी चौकशीचे आदेश दिले. मृतांच्या वारसांना पाच लाखांची मदत जाहीर झाली. नाशिकचे विभागीय आयुक्त राधाकृष्ण गमे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मुदत सात दिवसांची. पालकमंत्री हसन मुश्रीफ म्हणाले की विभाग नवीनच बांधलेला होता, आणि म्हणून आग लागणे गंभीर आहे.

तोफखाना पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला.

८ नोव्हेंबर, सोमवार
२ दिवसांनी

आरोग्यमंत्र्यांनी कारवाई जाहीर केली. सहा नावे. चौघे निलंबित: जिल्हा शल्यचिकित्सक, दोन वैद्यकीय अधिकारी, एक परिचारिका. दोघींची सेवा समाप्त, दोघीही परिचारिका.

मिळून तीन डॉक्टर आणि तीन परिचारिका. विभाग बांधणाऱ्या, त्यात तारा ओढणाऱ्या, निधीची फाइल हाताळणाऱ्या कोणाचेही नाव या सहांत नव्हते. चौकशी समितीची सात दिवसांची मुदत तेव्हा अर्धीही झाली नव्हती.

९ नोव्हेंबर, मंगळवार
३ दिवसांनी

पोलिसांनी चौघींना अटक केली. एक तरुण महिला डॉक्टर आणि तीन परिचारिका. आरोप कर्तव्यातल्या निष्काळजीपणाचा. तो खरा की खोटा हे न्यायालयाने ठरवायचे, आणि कोणी खरोखर रुग्णांना टाकून गेले असेल तर त्याचा जाब विचारलाच पाहिजे. मृतांच्या कुटुंबांचा तो हक्क आहे.

पण या यादीकडे जरा नीट बघावे. चौघी स्त्रिया. चौघीही खाटेजवळच्या. पदाच्या उतरंडीत खालच्या. आगीच्या कारणाशी, म्हणजे तार, भार, छत, तुषार सिंचन, निधी यांच्याशी, यांतल्या एकीच्याही सहीचा संबंध असण्याचे कारण नाही. त्यांच्यावरचा आरोप आग लागल्यानंतरच्या मिनिटांचा. त्याआधीच्या ३२३ दिवसांबद्दल त्या दिवशी कोणालाही अटक झाली नाही.

परिचारिकांच्या आणि डॉक्टरांच्या संघटना रस्त्यावर आल्या. त्यांचे म्हणणे सरळ होते: यंत्रणा न बसवणारे मोकळे आणि पाळीवरच्या आत. मृतांच्या नातेवाइकांचे म्हणणेही सरळ होते: आमचा माणूस आत होता तेव्हा त्याच्याजवळ कोण होते? दोन्ही प्रश्न खरे आहेत. त्या आठवड्यात ते एकमेकांविरुद्ध उभे केले गेले, आणि त्यात तिसऱ्या प्रश्नाला, म्हणजे यंत्रणा का नव्हती याला, जागा उरली नाही. टीमवर्क हा शब्द रुग्णालयात बहुतेक वेळा सत्काराच्या भाषणात ऐकू येतो. नगरला तो गुन्ह्याच्या कागदात दिसला, आणि तिथेही टीम अर्धीच होती.

डॉक्टर आणि परिचारिका यांच्यात या अटकेने काय झाले, हे बाहेरून मोजता येत नाही. अंदाज करता येतो. पुढच्या पाळीपासून प्रत्येक जण आधी लेखी मागणार. तोंडी सूचना घेणार नाही, दुसऱ्याच्या खाटेला हात लावणार नाही, आपल्या रकान्यापुरते राहणार. भीतीने माणूस आपले कागद सांभाळायला शिकतो. शेजारच्या खाटेकडे धावायला शिकत नाही.

१५ नोव्हेंबर २०२४, शुक्रवार, रात्री पावणेअकराच्या सुमारास
३ वर्षे आणि ९ दिवसांनी

झाशीच्या महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयाचा नवजात अतिदक्षता विभाग. तिथेही आग. त्या रात्री १० बाळे गेली. कपड्यांनी पेट घेतल्यावरही एक परिचारिका बाळे बाहेर काढत राहिली, अशी बातमी आली. पुन्हा एक शूर सिस्टर.

तोपर्यंत नगरचे नाव अहिल्यानगर झाले होते. भिंगारचे लोक गंभीर माणसाला अजूनही सिव्हिललाच नेतात. दुसरे कुठे नेणार?

आज रात्री ८ वाजता राज्यातल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयात पाळी बदलेल आणि ओव्हर दिले जाईल. शल्यचिकित्सकांनी, अधिसेविकांनी, बांधकाम विभागाच्या विद्युत अभियंत्यांनी आणि अग्निशमन अधिकाऱ्यांनी मिळून त्या वहीत एक रकाना वाढवावा आणि त्यात रोज चार नावे लिहून घ्यावीत: ऑक्सिजनचा नळ कोण, विजेचे पॅनल कोण, फोन कोण, पहिली खाट कोण. महिन्यातून एकदा या चौघांना प्रत्यक्ष धावायला लावावे. त्याला जिल्हा नियोजनाची मंजुरी लागत नाही.